वाऱ्याची वाटणी
दौंडकडच्या माळावर हौसाबाईच्या घरापर्यंत लाईटीचा खांब कधी आलाच नाही, म्हणून नवऱ्यानं छपरावर छोटी पवनचक्की बसवली. ‘वारा काय कुणाच्या बापाचा न्हाई,’ म्हणायचा. तो गेला आणि वर्षश्राद्ध होताच पोरांनी वाटणी मागितली. पंचांनी घर मधोमध वाटलं, भांडीकुंडी मोजली, शेवटी घोडं अडलं पवनचक्कीवर. दोघंही मागं हटेनात, तेव्हा पंखा थोरल्याला आणि बॅटरी धाकट्याला दिली. मधली वायर थोरल्यानं पकडीनं तोडली. दोन दिवसांत बॅटरीही उतरली. दिवेलागणीला हौसाबाईनं सवयीनं बटण दाबलं. वर पंखा गरागरा फिरत होता, घरात मात्र अंधार. दोन्ही दारांतून हाक आली, ‘आये, मेणबत्ती हाय का?’ तिच्याकडं एकच होती. विळीवर तिनं ती उभी चिरली. वात सोडवून थोरल्याच्या हातावर ठेवली, मेण धाकट्याच्या. ‘घ्या. बगा, वाटणी सारखी झाली का.’