एफिमियाचं दार

दुपारचे बारा वाजून गेले तरी चेरीच्या मुरांब्याला कुणाचा चमचा लागला नव्हता. एफिमिया मागच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली बसून होती. समोर टेबलावर पंचवीस काचेच्या बशा, पंचवीस चमचे, पाण्याचे पेले. आज संत एफिमियाचा दिवस, म्हणजे तिच्या नावाचा दिवस. या बेटावर वाढदिवसाला कुणी विचारत नाही, नावाचा दिवस मात्र कुणी विसरत नाही. ज्याचा दिवस त्याने पहाटे दार सताड उघडायचं, गोडधोड करून बसायचं, आणि गावाने आपणहून यायचं. बोलावणं करत नाहीत. 'या' म्हणणं म्हणजे भीक मागणं.

गेल्या वर्षी तिने दार लावून घेतलं होतं. तिचा नवरा लेफ्तेरिस जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. दुखवट्याच्या घराचं दार बंद असतं आणि त्यावर कुणी थाप मारत नाही. या वर्षी तिने काळे कपडे पेटीत ठेवले, निळा ठिपक्यांचा झगा घातला आणि पहाटे पाचला दार उघडलं. चार वाजल्यापासून उभी होती, त्यामुळे नंतर खुर्चीत तिचा जरा डोळा लागला. तिची भाडेकरीण विल्मा, सुट्टीवर आलेली डच मास्तरीण, गुहा बघायला बोटीवर कधी गेली तेही तिला कळलं नाही. विल्माकडे बघायच्या गोष्टींची यादीच होती. गुहा, पवनचक्की, बंदरावर वाळत घातलेले ऑक्टोपस, किल्ल्यावरून सूर्यास्त. रोज एकेकावर खूण करायची.

अंगणातून दार दिसत नाही, पण गल्ली ऐकू येते. सकाळपासून पावलं ऐकू येत होती. दारापर्यंत यायची, थबकायची, परत जायची. प्रत्येक वेळी एफिमिया झगा सारखा करून ताठ बसायची. उठून दारात डोकावणं तिच्याच्याने झालं नसतं. बोलवायचं नाही, तर वाट बघताना तरी कुणाला कशाला दिसायचं?

एक वाजला, तीन वाजले. मग तिच्या मनाने कारण शोधून काढलं. स्तामातिया! समोरची बेकरीवाली. वर्ष पुरं व्हायच्या आत एफिमियाने खोली पाहुण्यांना दिली, तेव्हा भर गल्लीत बोलली होती, "धन्य आहे हो! एकाच दोरीवर नवऱ्याच्या दुखवट्याचे काळे कपडे आणि परक्या बायकांचे पोहायचे कपडे!" सगळ्या बायका खो-खो हसल्या होत्या. आता त्याच बायका दारापर्यंत येऊन नाक मुरडून परत जात असणार. चाळीस वर्षं या प्रत्येकीच्या दिवसाला ती गोडाची बशी उचलायला गेली होती. एफिमियाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

सहा वाजता अथेन्सहून मुलीचा, डेस्पिनाचा फोन आला. डेस्पिना वर्षभर मागे लागली होती, एकटी काय करतेस तिथे, सगळ्या खोल्या भाड्याने देऊन टाकू, तू माझ्याकडे ये. एफिमिया म्हणाली होती, माझा दिवस होऊ दे. गाव आलं तर राहीन.

"आली का गं माणसं, आई?"

"तू शनिवारच्या बोटीने ये," एफिमिया म्हणाली. "मला घेऊन जा."

फोन ठेवून तिने बशा एकावर एक रचायला घेतल्या. पंचवीसच्या पंचवीस कोरड्या.

सातच्या सुमाराला विल्मा आली. किल्ल्यावर जाण्याआधी तिला अंगात घालायला काहीतरी उबदार हवं होतं. चार महिने शिकवणी लावून शिकलेल्या भाषेत ती म्हणाली, "एफिमियाबाई, बाहेर खूप खाऊ! पायरीवर. तुमचं दुकान आहे?"

"कसलं दुकान? कुठल्या पायरीवर?"

"दाराची पायरी. ताटल्या, बाटली, कुंडी. मी फोटो काढला."

"मग आत का नाही आणून दिलं कुणी?"

"दार बंद आहे ना. सकाळी मी बंद केलं. वारा होता, धूळ, आणि तुम्ही झोपला होता." विल्मा समजूतदारपणे हसली. "अगदी हळू बंद केलं. तुम्हाला जाग नको."

एफिमिया दुखरा गुडघा विसरून धावली. दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. फडक्याने झाकलेल्या बदामाच्या वड्या, अंजिरं, पाद्र्याच्या घरची वाइन. आणि मधोमध, निळ्या रंगवलेल्या तेलाच्या डब्यात लावलेली बारीक पानांची तुळस. तसले निळे डबे गावात एकाच खिडकीत असतात.

समोर बेकरीच्या दारात स्तामातिया उभी होती. जवळ आली नाही. आवाज उतरवून म्हणाली, "तीनदा येऊन गेले गं. दार बंद बघून म्हटलं, बिचारीचं दुःख अजून सरलं नाही. त्या दोरीवरून मी उगाच बोलले बाई तुला."

एफिमियाने दार पुन्हा लागू नये म्हणून त्याला जुनी लोखंडी इस्त्री टेकवली. मग या बेटावर नावाच्या दिवशी कुणी तोंडातून काढत नाही तो शब्द तिने गल्ली दणाणेल इतक्या मोठ्याने काढला. "या! अगं या की सगळ्या!"

विल्माचा सूर्यास्त राहिला. ती पेले विसळत होती. आठ वाजता अंगणातल्या गलक्यात एका कानावर हात धरून एफिमियाने अथेन्सला फोन लावला.

"डेस्पिना, शनिवारी येच. आणि येताना डझनभर बशा आण बाई, पंचवीस पुरल्या नाहीत."