दाब-सोड

ओल्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक आडवा झाला आणि लेकीने कचकन ब्रेक दाबला. तळपायाखाली पेडल धडधडू लागलं. शेजारी बसलेले बाबा ओरडले, “अगं सोड! सोडून पुन्हा दाब! चाकं जाम होतील!” जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस, तिलाही गाडी त्यांनीच शिकवलेली. मागे तिचं बाळ झोपलेलं. नवी गाडी घेताना शोरूमवाल्याने बजावलं होतं, “पेडल थरथरलं तरी पाय उचलू नका, दाब-सोड गाडीतलं एबीएसच करतं.” तेव्हा बाबा हसले होते, “आता हा मला ब्रेक शिकवणार!” बाबांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. आज पाय तसाच रोवून ठेवला. गाडी टेम्पोच्या वीतभर अलीकडे थांबली. “बाबा, थांबली गाडी,” ती म्हणाली. बाबांच्या बाजूला ब्रेक नव्हताच. तरी त्यांचा उजवा पाय अजूनही खालची चटई दाबत, सोडत होता.