झोपलेलं पिल्लू

देवमाशांचं बोलणं मराठीत आणणाऱ्या यंत्रातून आवाज आला, "पिल्लू झोपलंय. इंजिन बंद करा."

पर्यटकांची होडी चालवणाऱ्या प्रमिला खोबरेकरने लगेच इंजिन बंद केलं. गेल्या हिवाळ्यात तिने ऐकलं नव्हतं. त्यानंतर देवमासे मालवणकडे आज पहिल्यांदाच आले होते.

"अहो ताई, किनारा तीन मैल लांब आहे!" एक पर्यटक ओरडला.

"हळू बोला. घरात पोर निजला असताना मिक्सर लावतास काय?" म्हणत तिने त्याच्या हातात वल्हं दिलं.

तासभर सगळे मुकाट्याने किनाऱ्याकडे वल्हवत राहिले. तळहातांना फोड आले, तरी प्रमिलाने इंजिनाला हात लावला नाही. मग यंत्र पुन्हा बोललं, "उठलं. माणसं कुठे गेली, विचारतंय."

प्रमिलाने होडी वळवली, तीही वल्ह्यांनीच.