भाड्याचं शरीर

जुन्या मित्राचं, मनोहरचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी दिगंबर शेट्यांचं उत्तर काही गेलं नव्हतं. मसुदे मात्र सात झाले होते. मनोहरची दृष्टी गेली होती. मुलीकडून त्याने लिहवून घेतलं होतं, 'एकदा नागपूरला ये.'

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चिपळूणहून नागपूर म्हणजे दिव्यच. म्हणून दिगंबररावांनी हल्लीच्या रिवाजाप्रमाणे नागपूरच्या हॉटेलला फोन लावला. पाहुण्याने घरीच आरामखुर्चीत पडून राहायचं. हॉटेलचं भाड्याचं शरीर शहरात त्याच्या वतीने हिंडायचं, बोलायचं.

"काका, पंचतारांकितच घ्या," पलीकडची मुलगी म्हणाली. "दोन दिवसांना साध्याच्या दरात देते. गुडघे नवे, वय पस्तीस, सकाळी तर्री-पोहे चवीसकट. मित्र बघतच राहतील."

"त्याला दिसत नाही."

"मग साधंही चालेल की."

दिगंबररावांनी पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'तू किती म्हातारा झालास, ते तोंडावरून हात फिरवून बघायचंय.' त्यांनी स्वतःचा बसलेला गाल चाचपला.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचं काही आहे का हो?"

ती हसली. "म्हातारं शरीर कोण मागतं, काका? आम्ही ठेवतच नाही."

तिची दोनदा माफी मागून त्यांनी फोन ठेवला आणि पोस्टकार्ड घेऊन लिहिलं, 'गुरुवारच्या गाडीने निघतो. दात निम्मे गेलेत, हसू नकोस.'

परत वाचलं तर आपण ते फाडू, हे ठाऊक असल्याने त्यांनी ते तसंच नेऊन टपालपेटीत टाकलं.