साहेबांची शाल

गोरा माणूस मराठी बोलला की आमची माणसं लगेच विरघळतात. १९८४च्या गणपतीत आमच्या न्यू जर्सीच्या मंडळाने विंटन साहेबांचा सत्कार ठेवला. ते महायुद्धाच्या काळात भारतात आमच्याच जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, आणि आता इथे लेकीकडे राहायला. साहेब अस्खलित मराठीत बोलले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. गावाहून आलेले माझे सासरे दादाराव तेवढे बसून राहिले.

"काकांना जरा मॅनर्स शिकव यार," अध्यक्ष प्रसन्न माझ्या कानाशी पुटपुटला. पण शाल सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने घालायची अशी आमची पद्धत, म्हणून त्याने त्यांनाच स्टेजवर नेलं.

उंचपुऱ्या साहेबांसमोर सासरे छातीशी शाल धरून नुसतेच उभे राहिले.

"काका, खांद्यावर घाला ना. फोटो खोळंबलाय."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"माझा हात याच्यापेक्षा वर जात नाही, साहेब. बेचाळीस साली चौकीत तुम्हीच तो मोडायला लावलात. आता तुम्ही वाका."