टिकटिक
मिरजेच्या प्रयोगशाळेत सृष्टी सूक्ष्मदर्शकातून दृष्टिपटलाच्या पेशी मोजत होती. विषाणूनं वाहून नेलेलं, दृष्टी परत आणू शकणारं जनुक जिच्यात पोचलं, ती पेशी हिरवी चमकायची आणि सृष्टी हातातला काउंटर अंगठ्यानं दाबायची. दृष्टिपटल झिजून आंधळी झालेली तिची आई कडेगावातून नेहमीसारखी फोनवर ती टिकटिक ऐकत होती. “आज लय दिवं लागल्यात गं,” आई म्हणाली. “माझ्या डोळ्यापतोर कवा येनार?” “आई, बोलू नको. मोजणी चुकते.” “बरं बाई, गप बसते.” दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली. तेराव्यानंतर सृष्टी कामावर परतली. सवयीनं फोन सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवून ती मोजायला बसली. इतक्या पेशी आजवर कधीच उजळल्या नव्हत्या. टिकटिक चालू झाली आणि मध्येच तिचा अंगठा थांबला. बंद फोनकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, “बोल की आई. चुकू दे मोजणी.”