यमुनेची लेक

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात सोनियानं महिनाभरात कादंबरी लिहायच्या उपक्रमात नाव घातलं, तेव्हा तिच्याकडं गोष्टच नव्हती. सासूबाई सारजाबाई पिशोर गाव सोडून शहराच्या सातारा परिसरातल्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या, पण दोघींचं बोलणं जेवणापुरतंच होतं. एकदा टँकरच्या रांगेत मात्र सारजाबाई सहज बोलून गेल्या, "ह्यो काय दुष्काळ व्हय? बहात्तर साली आमी बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो."

सोनियाला गोष्ट सापडली. रोज दुपारी सारजाबाई सांगायच्या आणि ती लिहायची. त्यातून खडी फोडणारी यमुना उभी राहिली आणि लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीतली तिची आठ महिन्यांची लेकही. सासूसुना आता एका ताटात जेवू लागल्या. त्यांचं हसणं ऐकून शिवराज बायकोला म्हणाला, "तुझी ही कादंबरी संपूच नये बघ. आई इतकी बोलते, हे मलाच माहीत नव्हतं."

तिसाव्या दिवशी फक्त शेवटचं प्रकरण उरलं.

"आत्याबाई, यमुनेची लेक तापानं जाते, असं दाखवू का? शेवट चटका लावून जाईल," सोनियानं विचारलं.

सारजाबाईंनी तिचा लिहिणारा हात घट्ट धरला.

 

"नको गं. माझ्यापाशी नाय जगली, तुझ्या वहीत तरी जगू दे तिला."